राखून ठेवलेले गुडघे

बारशाच्या दिवशी सकाळी अरुणाबाईंनी बाथरूमचं दार उघडलं, तर पार्थ पाटावर पाय लांब करून बसला होता. त्याच्या नडग्यांवर सव्वा महिन्याची पोर पालथी पडली होती आणि मालिशवाली राहीबाई बाजूच्या स्टुलावर बसून आरामात चहा पीत होती. पैसे घेणारी बसून आणि इंजिनिअर कामाला, असा सगळा प्रकार.

"आई, दार लाव ना. वारा येतोय तिला," पार्थ म्हणाला.

"हात चांगला हाय याचा," राहीबाई कपावरून म्हणाली. "पानी कसं बराबर टाकतो बगा. बायांना पन जमत नाय."

अरुणाबाईंनी दार लावलं, आणि जरा जोरातच लावलं.

डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गुडघे बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती. नवे गुडघे बसले की चालणं सुधारेल, जिना चढता येईल, फक्त जमिनीवर बसणं बंद, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या अटीवर अरुणाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "पार्थला मूल होऊ दे, मग बघू," असं म्हणून त्यांनी ते दुखरे गुडघे तसेच ठेवले. रोज तेल लावलं, पट्टे बांधले, सानपाड्याच्या बाजारात भिंत धरधरून चालल्या. लोक म्हातारपणासाठी पैसे राखून ठेवतात, अरुणाबाईंनी नातवंडासाठी गुडघे राखून ठेवले होते.

याला कारण होतं. स्वतःच्या दोन मुलांपैकी एकालाही त्यांनी कधी पायावर घेतलं नव्हतं. त्या पोस्टात होत्या आणि घरात सासूबाई होत्या. "तू जा कामाला, मी आहे ना," असं म्हणून सासूबाईंनी शौनकला हातात घेतलं, मग पार्थला घेतलं. दोघंही त्यांच्या हातून अंघोळ करून, तीट लावून, गुटी चाटून मोठे झाले, आणि अरुणाबाई संध्याकाळी घरी पोचेपर्यंत झोपलेले असत. पुढे शौनकला मुलगी झाली, तर क्षिप्राचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तिच्या माहेरी, नाशिकला. पोर सानपाड्यात आली ती मान धरून, माया लागून, आणि ती मायाही दुसऱ्याच आजीची. म्हणून पार्थचं मूल हीच शेवटची संधी होती. त्याच्या बायकोची, अबोलीची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे बाळंतपण सासरीच होणार हे ठरलेलं होतं. कुणाच्या मरणावर आपला आनंद बेतलाय हे अरुणाबाईंना कळत होतं, म्हणून त्यांनी देवासमोर कानही धरले. पण आनंद व्हायचा तो झालाच.

आणि मग पार्थनं तीन महिन्यांची रजा घेतली.

ऐरोलीच्या त्याच्या कंपनीनं बापांसाठी ही रजा सुरू केली होती. सुरू केली होती म्हणजे जाहीर केली होती, घेत कुणी नव्हतं. पार्थ त्याच्या टीममधला पहिलाच. "बाळंतीण नक्की कोण, तू की अबोली?" असं शौनकनं विचारून झालं, "डिंकाचे लाडू दोघांत कसे वाटणार?" हेही विचारून झालं. पार्थ हसला आणि दुपट्याची घडी करत राहिला. तो नुसता घरी बसला असता तरी अरुणाबाईंची हरकत नव्हती. पुरुष घरी बसले की पेपर वाचतात, तसा त्यानं वाचावा. पण त्यानं आठवड्याभरात राहीबाईकडून अंघोळ शिकून घेतली, ढेकर काढायला शिकला, आणि पोर अशी लबाड की त्याच्याच छातीवर डोकं टेकलं की गप्प होऊ लागली. अरुणाबाईंनी घेतली की कण्हायची.

सुनेचा हेवा करायची त्यांची तयारी होती, सगळ्याच सासवांची असते. पण पोटच्या पोराचा, त्यातून बाप्या माणसाचा हेवा करायची पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आली खरी. त्या जळत होत्या, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

स्वयंपाकघरात क्षिप्रा घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. थोरली सून सकाळीच घणसोलीहून आली होती आणि आल्यापासून तिचंही तोंड जरा वाकडंच होतं.

"घातली का अंघोळ साहेबांनी?" तिनं विचारलं.

"घातली. राहीबाईनं सर्टिफिकेट दिलं."

"आमच्या वेळी हे नाशिकला आले ते चौथ्या दिवशी. आले, फोटो काढला, आणि म्हणाले बंदरात कंटेनर अडकलाय, द्रोणागिरीला जावं लागेल. पोरगी रांगायला लागली ती यांनी फोनवर बघितली." क्षिप्रानं एक किडका हरभरा बाजूला टाकला. "आणि मी तेव्हा सगळ्यांना काय सांगायचे माहितीये, आई? की किती कष्टाळू आहेत म्हणून."

"कष्टाळू आहेच तो."

"आहेत ना. पण हे आता बघितल्यावर मला कसं वाटत असेल?" तिला हेवा वाटत होता आणि तो लपवायची तसदी तिनं घेतली नव्हती. "तुम्ही बोलत का नाही पार्थला? करिअरची वाट लागेल त्याची. हे सांगत होते, अशी रजा घेतली की मग पुढच्या वेळी साहेब लोक नावच काढत नाहीत."

अरुणाबाईंना जरा बरं वाटलं. आपल्या जळण्याला करिअर हा चांगला शब्द सापडला होता. "बोलायलाच पाहिजे कुणीतरी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अबोली आत आली. केस ओले, गाऊनवर दुधाचा डाग, डोळ्यांखाली काळं. ती क्षिप्राजवळ येऊन बसली.

"वहिनी, एक विचारायचं होतं. पार्थला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. तर नाव कानात तुम्ही सांगाल? आम्हा दोघांची फार इच्छा आहे."

क्षिप्राचे हात हरभऱ्यांत तसेच राहिले. "मी?"

"तुम्हीच. तिला मोठी काकू एकच आहे."

"अगं, सांगेन की. त्यात काय विचारायचं." क्षिप्राचा आवाज एकदम मऊ झाला. मग ती उठली, हात धुतले आणि अबोलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू जा, पड जरा. मी तुला खायला घेऊन येते आत."

अशी एका वाक्यात सोबतीण फितूर झाली. नाव कानात आपण सांगावं असं अरुणाबाईंच्या मनात महिनाभर होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगायच्या नसतात, समोरच्यानं ओळखायच्या असतात, असा त्यांचा जन्मभराचा नियम होता, आणि समोरच्यानं त्या जन्मभर ओळखल्या नव्हत्या.

संध्याकाळी हॉलमध्ये पाळणा सजला. सोसायटीतल्या बायका आल्या, अरुणाबाईंचे यजमान नंदकुमार यांनी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या, मोजून मांडल्या आणि स्वतः भिंतीशी उभे राहिले. या घरातल्या प्रत्येक समारंभात ते भिंतीशीच उभे असत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पार्थचे साहेब विपुल चांदीचा खुळखुळा घेऊन आले. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. हॉलमध्ये बायकाच बायका, म्हणून अरुणाबाईंनी त्यांची बशी बाल्कनीत नेऊन दिली.

"काकू, आमचा हिरो काय म्हणतोय?" विपुलनं घुगऱ्या तोंडात टाकत विचारलं.

"मजेत आहे."

"त्याला मी अजून बोललो नाही, आजच्या दिवशी टेन्शन नको म्हणून. पण नवीन काम आलंय आमच्याकडे, मोठं आहे. पार्थच लीड करणार असं माझ्या डोक्यात होतं. आता तो अजून दीड-दोन महिने नाही म्हटल्यावर अभिरामला द्यावं लागणार. रजेचा त्याचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण काम थांबत नाही ना."

अरुणाबाईंनी हॉलकडे पाहिलं. पार्थ पोरीला खांद्यावर टाकून बायकांच्या घोळक्यात उभा होता आणि बायका तिच्याऐवजी त्याचंच कौतुक करत होत्या. किती गं बाई सांभाळतो, नशीब काढलं अबोलीनं. अरुणाबाईंनी या मुलाला सांभाळण्यासाठी नोकरी केली, तेव्हा कुणी कौतुक केलं नव्हतं. नोकरीतून वेळ काढला, तेव्हाही नाही.

"अभिरामला कशाला?" त्या म्हणाल्या. "पार्थ येईल की. सोमवारपासून येईल."

"खरंच? पण रजा..."

"अहो, कंटाळलाय तो. पुरुष माणूस किती दिवस घरात बसणार? कालच मला म्हणाला, आई, ऑफिसची आठवण येते. पण बायकोच्या भिडेखातर बसलाय. तोंडानं बोलणार नाही तो. तुम्ही बोलवा, येईल. घरचं काही अडत नाही, मी आहे ना."

शेवटचे तीन शब्द बाहेर पडले आणि अरुणाबाईंना आपल्या तोंडात सासूबाईंचा आवाज ऐकू आला. पण तोवर विपुलचा चेहरा उजळला होता. "काकू, तुम्ही माझं काम सोपं केलंत," तो म्हणाला आणि अजून थोड्या घुगऱ्या मागितल्या.

मग कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. क्षिप्रानं पोरीच्या कानात शाल्मली हे नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि क्षिप्रा हसता हसता रडली. अबोलीनं तिला मिठी मारली. अरुणाबाईंनी पाळण्याची दोरी ओढली, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. दोरी ओढताना मात्र त्या मनात म्हणत होत्या, सोमवारपासून माझी.

शेजारणी पांगल्या आणि घरची माणसं व विपुल जेवायला बसले, तेव्हा ते झालं. विपुलनं पार्थच्या पाठीवर थाप मारली.

"काय रे, मला सांगायचं ना सरळ. कंटाळलास तर कंटाळलास, त्यात लाजायचं काय? काकू म्हणाल्या, कालच त्यांना म्हणालास, ऑफिसची आठवण येते, बायकोच्या भिडेखातर बसलायस. सोमवारी ये, नवीन काम तुझंच."

"मी म्हटलं नव्हतं?" शौनक जोरात हसला. वर्षानुवर्षांचं काहीतरी त्या हसण्यात मोकळं झालं. "तीन महिने काय, मी पैज लावली होती महिन्यावर. बाप्याचं काम नाही ते."

शौनकचं हसू एकटंच चाललं आणि थांबलं. अबोली पोरीला घेऊन सोफ्याच्या कडेला बसली होती. ती पार्थकडे बघत होती. पार्थ आईकडे बघत होता. अरुणाबाई ताटातली कोशिंबीर एका बाजूला सरकवत होत्या, मग दुसऱ्या बाजूला सरकवत होत्या. त्यांना वाटलं, आता हा म्हणणार, आई, मी कधी म्हणालो असं? आणि साहेबांसमोर, सुनांसमोर आपण खोट्या पडणार.

"हो," पार्थ म्हणाला. "म्हणालो असेन. झोप झाली नव्हती."

अबोली उठली आणि पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली. विपुलला काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही. त्यानं दहीभात भराभर संपवला आणि निघाला. "सोमवारी भेटू," असं तो दारात म्हणाला, आणि पार्थनं नुसती मान हलवली.

अरुणाबाई आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या त्या ऐकायला नव्हे. पण दार लोटलेलं होतं आणि कान काही लोटता येत नाहीत.

"जा तू सोमवारपासून," अबोली म्हणत होती. ओरडत नव्हती, हेच वाईट होतं. "मला भिडेखातर कुणी नकोय. मला वाटलं होतं तुला आवडतंय. मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगत होते, त्याला आवडतंय म्हणून."

आतून दुपटं झटकल्याचा आवाज आला.

"बोल ना काहीतरी. काल म्हणालास आईंना? माझ्याशी हसत होतास आणि तिकडे जाऊन हे सांगत होतास?"

पार्थ गप्पच होता. लहानपणी शौनकनं काच फोडली आणि मार पार्थनं खाल्ला, तेव्हाही तो असाच गप्प राहिला होता, असं सासूबाई सांगायच्या. अरुणाबाई तेव्हा पोस्टात होत्या. आज त्या दाराबाहेर होत्या, आणि हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी दार ढकललं.

"तो काही म्हणाला नाही. मी म्हणाले."

दोघंही वळले. अरुणाबाईंच्या मागे क्षिप्राही येऊन उभी राहिली होती.

"आई, राहू दे आता," पार्थ म्हणाला.

"नाही राहू देणार. त्यानं काल मला काही सांगितलं नाही, कधीच काही सांगितलं नाही. मी साहेबांना खोटं सांगितलं."

"का पण?" अबोलीनं विचारलं.

करिअर हा शब्द जिभेवर आला होता. अरुणाबाईंनी तो गिळला. "हेवा वाटला म्हणून. ही पोर त्याच्या छातीवर झोपते, माझ्याकडे कण्हते. माझ्या हातात लहान मूल कधी आलंच नाही, आणि जे आलं ते यानं घेतलं. मला वाटलं, हा ऑफिसला गेला की ती मला मिळेल."

"घेतलं काय, आई, माझी मुलगी आहे ती," पार्थचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू एकदा तरी म्हणालीस का, आज अंघोळ मी घालते म्हणून? मी दिली असती. रोज दिली असती. तू नुसती दारं आपटतेस."

"तू विचारलंस का एकदा तरी?"

अबोलीनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याकडे वळली. "आणि तू त्यांची लाज राखलीस. माझ्या जिवावर. सगळ्यांसमोर माझं तोंड उतरलेलं चाललं तुला."

"मला पटकन काही सुचलं नाही."

"सुचलं ना. जे सुचलं तेच बोललास." मग ती सासूकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "आई, मला सांगून काय उपयोग? मला कळलं. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना सांगा. ते अजून खालीच असतील."

अरुणाबाईंना वाटलं, ही मला पाठवते? सासूला? कुणीतरी मध्ये पडेल म्हणून त्यांनी क्षिप्राकडे पाहिलं. सकाळपर्यंत ती पडलीही असती.

"चला," क्षिप्रा म्हणाली. "मी लिफ्ट थांबवते."

विपुल गाडीत बसून फोनवर बोलत होता. दोघी बायका धावपळ करत येताना बघून त्यानं काच खाली केली.

"विपुलसाहेब, मघाशी मी बोलले ते खोटं होतं," अरुणाबाई म्हणाल्या. "पार्थ कंटाळलेला नाही. तो मला काही म्हणालाही नाही. मला नात हातात हवी होती म्हणून मी तुम्हाला तसं सांगितलं."

हसावं की गंभीर व्हावं हे विपुलला ठरवता येईना. "काकू, तुमचं तुम्ही बघा, पण माझी पंचाईत आहे. तो नसेल तर काम अभिरामकडे जाईल. आणि एकदा गेलं की गेलं. पुढच्या वर्षी त्याच्या बढतीचं मला काही सांगता यायचं नाही. मग म्हणू नका साहेबानं डावललं. तर काय करू?"

आता कसोटी होती. एक शब्द बोलल्या असत्या तर मुलाचं काम वाचलं असतं, आणि नातही मिळाली असती. आईनं मुलाचं भलं बघितलं, याला कोण नाव ठेवणार होतं? क्षिप्रानं त्यांचा दंड धरला होता, तिची पकड घट्ट झाली.

"ते त्याला विचारा," अरुणाबाई म्हणाल्या. "त्याच्या वतीनं मी आता काही बोलणार नाही."

वर येईपर्यंत विपुलचा फोन येऊन पोचला होता. पार्थ हॉलच्या मध्यावर उभा होता, फोन कानाला. सजवलेल्या पाळण्याशी अबोली पोरीला घेऊन उभी होती. शौनक सोफ्यावर बसून मुलीच्या बुटाच्या नाड्या बांधत होता आणि मान वर करत नव्हता.

"हो सर, कळलं मला," पार्थ म्हणाला. "बढतीचंही कळलं... वाईट वाटणारच, सर, माझंच होतं ते." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही, सोमवारी नाही येत. अभिरामला द्या. मला इथं आवडतंय."

त्यानं हे साहेबांना सांगितलं, पण बघत अबोलीकडे होता. अबोली हसली नाही. तिनं फक्त पुढे होऊन पोर त्याच्या खांद्यावर दिली आणि स्वतःचं राहिलेलं ताट घेऊन जेवायला बसली. तिला माफ करायला अजून वेळ लागणार होता, नवऱ्याला थोडा आणि सासूला बराच. पण ती जेवत होती.

अरुणाबाई बाल्कनीत गेल्या. नंदकुमार तिथं परत द्यायच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. त्यांनी एक खुर्ची खाली काढून बायकोसाठी मांडली आणि दुसरीवर स्वतः बसले. आत पार्थ येरझारा घालत होता. पोरीचं डोकं त्याच्या मानेत रुतलं होतं.

"सगळं ऐकलंत?" अरुणाबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"साहेबांना खरं सांगून आले, सुनेला सांगितलं. वाटलं होतं, सांगितलं की जाईल. नाही गेलं हो. आत्ता बघतेय तरी जळतंच आहे."

नंदकुमार आत बघत राहिले. दोन्ही मुलांच्या वेळी ते कुठे होते, हे या घरात त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. पुरुषाला विचारायची पद्धतच नव्हती.

"तुला निदान ते बोलता तरी आलं," ते म्हणाले. "त्यानं तिला दवाखान्यातून उचलून आणलं तेव्हापासून मी जळतोय."